मांजराचा ट्रे आणि सोलकढीवरची कोथिंबीर

आमच्या वाडीत मांजरांसाठी सार्वजनिक संडास काढणारा पहिला माणूस मी. उद्घाटन झालं नाही, नारळ फुटला नाही, पण चालला मात्र जोरात.

आता मी काय शिकलेला माणूस नव्हे. चौथीपर्यंत शाळेत गेलो म्हणतो तेव्हा शाळेच्या गडग्यापर्यंत, म्हणजे दगडी कुंपणापर्यंत, गेलो असं समजायचं. तिथे बसलं की समुद्र दिसायचा, मग आत कशाला जा? पुढे आयुष्यभर रापण ओढली. रापण म्हणजे ते किनाऱ्यावरून दोन्हीकडून ओढतात ते मोठं जाळं. एका टोकाला पंधरा-वीस माणसं आणि त्यात सगळ्यात मागे, दोरीला नुसता हात लावून 'होय होय' ओरडणारा एक. तो मी.

माझा मुलगा नितीन मात्र शिकला आणि बोटीवर लागला. मोठ्या मालवाहू बोटीवर, सहा-सहा महिने पाणी. बायकोला, म्हणजे आमच्या सुनेला, प्राजक्ताला, दिवस गेले आणि तो निघाला तिकडे ब्राझीलकडे. मुंबईच्या खोलीत ती एकटी कशी राहणार? आम्ही म्हटलं, ये मालवणाक. तर ती आली. एका हातात बॅग, एका हातात जाळीचा पिंजरा आणि पिंजऱ्यात मांजर.

मांजर पांढरंशुभ्र, केसाळ, तोंड कोणीतरी नुकताच अपमान केल्यासारखं. नाव मफिन. वाडीत ते कोणाच्या जिभेला झेपलं नाही, दुसऱ्या दिवसापासून ती 'माफीण' झाली. ती घराबाहेर जायची नाही, मासे खायची नाही (मालवणात येऊन!), पाकिटातले दाणे खायची आणि सगळ्यात आश्चर्य म्हणजे तिला घरात स्वतःचा संडास होता. प्लॅस्टिकचा ट्रे, त्यात गोणीतून आणलेले खास खडे. मी आमच्या शालनला, म्हणजे बायकोला म्हटलं, "आमच्या लग्नात आमच्या घराक संडास नव्हतो, आणि आता मांजराक आसा." शालन हसली नाही. ती माझ्या विनोदांना लग्नाच्या पहिल्या वर्षी हसली, तेवढंच.

प्राजक्ताला तपासायला आम्ही तालुक्याला बाईडॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सगळं विचारलं आणि घरात मांजर आहे म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता मांजर घालवा म्हणतील. पण त्या म्हणाल्या तसं काही नको. घरातच राहणारं, पाकिटातलं खाणारं मांजर असेल तर फार भीती नाही. पण जे मांजर बाहेर भटकतं, उंदीर खातं, त्याच्या घाणीत एक बारीक जंतू असू शकतो. आईला काही कळतसुद्धा नाही, पण पोटातल्या बाळाच्या डोळ्यांना, डोक्याला त्याने इजा होऊ शकते.

"म्हणून ट्रेला हिने हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणीतरी रोजच्या रोज काढायचं, हातमोजे घालून. विहिरीपासून आणि भाजीपाल्यापासून लांब, खोल खड्ड्यात पुरायचं. घरात हे कोण करणार?"

शालनने माझ्याकडे बघितलं. प्राजक्ताने माझ्याकडे बघितलं. मग मीही मागे वळून बघितलं, पण मागे भिंत होती.

"मी करतंय," मी म्हटलं. "आयुष्यभर माशांची घाण काढली. ह्या तर खानदानी मांजर."

त्या संध्याकाळी नितीनचा बोटीवरून फोन आला. चेहरा थांबत-थांबत दिसत होता. मी त्याला छाती ठोकून सांगितलं, "तू बिनघोर रव. बाळाच्या केसाक धक्को लागूचो नाय. मी आसंय." शालन मागून म्हणाली, "म्हणानच घोर आसा." नितीन हसला. मी पण हसलो. नंतर ते हसणं मला फार दिवस आठवत राहिलं.

सुरुवातीला सगळं बरोबर चाललं. रोज सकाळी मी हातमोजे घालून मागच्या पडवीत ऑपरेशनला जाणाऱ्या डॉक्टरासारखा उभा राहायचो. माफीण समोर बसून माझ्याकडे बघायची, जसा मी तिच्या पगारावर आहे. मग खड्यांची गोणी संपली. प्राजक्ताने मोबाईलवरून दुसरी मागवली, पण ती कुठे घाटात अडकली देव जाणे. रोज यायची ती उद्यावर जायची. ट्रे रिकामा आणि माफीण बेचैन.

मी विचार केला, हे लोक खडे विकत घेतात म्हणजे कमाल! माझ्या दारासमोर अख्खा समुद्र वाळू घेऊन बसलाय. घेतलं घमेलं आणि गेलो किनाऱ्यावर. आता किनारा केवढा मोठा, वाळू कुठूनही घेता आली असती. पण मला बारीक, कोरडी, मऊ वाळू हवी होती, सुनेचं मांजर ना! अशी वाळू एकाच जागी मिळते, जिथे बायका सुकट आणि खारवलेले बांगडे वाळत घालतात तिथे. रोज झाडून-झाडून ती वाळू पिठासारखी झालेली असते. मी दोन घमेली भरून आणली, ट्रेमध्ये पसरली, वरून हात फिरवला. एकदम गादी.

वास? आला असेल. पण मासळीचा वास आम्हाला वास वाटतच नाही हो. तो आम्हाला हवेसारखा. मी तर म्हणेन, सुकटीचा वास नसेल तरच आम्ही घाबरून इकडेतिकडे बघतो.

दुसऱ्या दिवशी ट्रे बघितला तर नेहमीच्या दुप्पट काम. मी खूश! जेवताना सगळ्यांना सांगितलं की माफिणीला आमची हवा लागली. तिसऱ्या दिवशी त्याच्याही दुप्पट. मी दाजीला, म्हणजे शेजारच्या रिक्षावाल्याला, गडग्यावरून अभिमानाने सांगितलं की मुंबईत राहून ह्या मुक्या प्राण्याचं पोट पार बांधून गेलं होतं, आमच्याकडे येऊन मोकळं झालं. दाजी म्हणाला, "ता बरा. पण तुझ्या मागल्या दाराक सकाळी सकाळी माजरांची लाईन कित्याक लागता रे बाबल्या? रेशन वाटतंस काय?"

मी हसलो. चांगला विनोद होता. माझ्या डोक्यात तो विनोद म्हणूनच राहिला.

मग एका दुपारी प्राजक्ता काळजीत माझ्याकडे आली. "बाबा, मफिनला बरं नाहीये वाटतं. कपाटावरून खालीच उतरत नाही. ट्रेमध्ये तर जातच नाहीये ती. काल मी पाहिलं, बाथरूमच्या मोरीत बसली होती."

मी म्हटलं, "काय सांगतंस? अगो, घमेला भरता रोज."

"मग ते कोणाचं आहे?"

हा प्रश्न मला शाळेत कोणी विचारला असता तर मी नापास झालोच असतो. मी तसाच उठलो आणि मागच्या पडवीत गेलो. ट्रेमध्ये एक बोका बसला होता. केवढा! अंगावर चिखल, एक कान मुळापासून नाही, शेपटी वाकडी. जेटीवरचा एककान्या तो, सगळ्या वाडीला ठाऊक. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसा मीच चुकून दार न वाजवता आत आलोय. आणि पायरीवर आणखी तिघं आपली पाळी यायची वाट बघत होती. त्यातल्या एकीच्या तोंडात उंदीर होता. वेळ जाईना म्हणून बरोबर आणला असावा.

मला आधी हसू आलं, खरंच आलं. आणि मग नजर पुन्हा तिच्या तोंडाकडे गेली. उंदीर. बाहेरची मांजरं. डॉक्टरीणबाईंचा आवाज कानात आला. जे मांजर घरात ठेवलं होतं त्याची भीती नव्हती, आणि ज्यांची भीती होती त्यांना मी माशाच्या वासाची वाळू अंथरून घरात बोलावलं होतं. स्वतःच्या हाताने. हातमोजे घालून!

तरी मी मनाला समजावलं की प्राजक्ता पडवीत येत नाही, ट्रेला हात लावत नाही, साफ मीच करतो आणि टाकतोही मीच. टाकतो कुठे?

इथे मी पडवीतून मोरीकडच्या माडाकडे बघितलं.

डॉक्टरांनी लांब खड्डा सांगितला होता. पण आमच्याकडे घरातली कुठलीही घाण एकाच जागी जाते, माडाच्या आळ्यात. मासे कापले, पोटं माडात. भांड्यांचं पाणी माडात. चुलीची राख माडात. आजाने तेच केलं, बापाने तेच केलं, आणि माड नारळ देत राहिला. मीही हाताला सवय असल्यासारखं रोज घमेलं उचलायचो आणि मोरीजवळच्या माडाच्या आळ्यात रिकामं करायचो. डोकं त्यात वापरलं नव्हतं. आणि त्या आळ्याच्या कडेला, माडाचं पाणी मिळतं म्हणून, शालनने कोथिंबीर पेरली होती.

कोथिंबीर शिजवली तर प्रश्न नाही. पण प्राजक्ताला डोहाळे कसले लागलेले? सोलकढीचे! रोज दुपारी वाटी भरून सोलकढी, आणि शालन वरून हिरवीगार कच्ची कोथिंबीर भुरभुरायची. सुनेला आवडते म्हणून मूठभर जास्तच.

आतून वाटीचा आवाज आला. जेवणं सुरू झाली होती.

मी कसा आत पोचलो ते मला माहीत नाही. एककान्या सांगेल कदाचित. प्राजक्ताने वाटी ओठाला लावलीच होती. आता शिकलेला माणूस म्हणाला असता, "थांब, पिऊ नको." मी वाटी तिच्या हातातून ओढली आणि स्वतः घटाघटा पिऊन टाकली.

शालनला वाटलं, मला ऊन लागलं. तिने शांतपणे टोप उचलला आणि सुनेला दुसरी वाटी भरली, वर कोथिंबीर. मी तीही प्यायलो. मग टोपच उचलला आणि तोंडाला लावला.

"वेडे झाल्यात काय तुमी?" शालन म्हणाली. "पोटुशी बाई ती, तिच्या तोंडातला काढून खातास?"

मी टोप खाली ठेवला. मिशीला गुलाबी सोलकढी, त्याला कोथिंबिरीचं पान चिकटलेलं. "ही कोथमीर खंयची?"

"खंयची म्हंजे? कधी दारची, कधी बाजारची. कित्याक?"

मग मी सांगितलं. वाळू, सुकट, एककान्या, उंदीर, आळं, सगळं. मी आयुष्यात एवढं सरळ कधी बोललो नव्हतो, मध्ये एकही विनोद नाही. माझं बोलणं संपेपर्यंत प्राजक्ताचा हात आपोआप पोटावर गेला होता. तो हात मी बघितला आणि वाटलं, रापणीच्या दोरीला बांधून मला कोणीतरी समुद्रात ओढून न्यावं.

"काल घातलंस ती दारची काय बाजारची?" मी शालनला विचारलं.

तिने आठवून बघितलं. ओठ हलले. "नाय आठवणा," ती म्हणाली. "धुवन घेतलेली. पण कशी धुतलेली ता पण आता नाय आठवणा."

प्राजक्ता रडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, डॉक्टरांकडे जाऊया." त्यापेक्षा ती मला चार शिव्या देती तर बरं झालं असतं.

दाजीने रिक्षा काढली. वाटेत त्याने नेहमीप्रमाणे मला चिमटा काढला की संडासाची पावती फाडायला सुरू केलीस काय, आणि मग आरशात आमचे चेहरे बघून गप्प झाला. दाजी गप्प झालेला मी दोनदाच बघितला. पहिल्यांदा त्याची रिक्षा चोरीला गेली होती तेव्हा.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं. रक्त घेतलं. म्हणाल्या की बहुतेक काही नसेल, भाजी धुतली असेल तर धोका आणखी कमी, पण खात्री करायलाच हवी. आणि एका तपासणीने भागणार नाही, काही दिवसांनी पुन्हा रक्त तपासावं लागेल. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आजोबा, मी लांब खड्डा सांगितला होता ना?"

तो 'आजोबा' शब्द ऐकून मी माझ्याच चपलांकडे बघितलं. अजून झालोही नव्हतो.

परत आल्यावर शालन माझ्याशी एकदाच बोलली. मी वातावरण हलकं करावं म्हणून काहीतरी बोलायला गेलो, तर ती भांडं घासता घासता थांबली. आवाज चढवला नाही. "पोराक काय झाला, तर तुमची मस्करी माका मरेपर्यंत ऐकूची नाय."

त्यानंतर आमच्या घरात विनोद बंद. जेवणात मीठ नसल्यासारखं झालं. मीठ टाकणारा मीच, पण मलाच ते टाकता येईना.

मी कामाला लागलो. दुसरं सुचत नव्हतं. आधी बोक्यांना हाकललं आणि पडवीच्या खिडकीला जाळी ठोकली. मग हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून त्या माडाचं आळं उकरलं. वाळू काढली, वरची माती काढली, कोथिंबीर मुळासकट उपटली. कंपाऊंडच्या टोकाला, विहिरीपासून लांब आणि उतरणीच्या बाजूला, जिथे पावसाचं पाणी आमच्याकडे न येता पलीकडे कातळावर जातं, तिथे खोल खड्डा मारला. तळ काढलेलं एक जुनं पिंप त्यात उतरवलं, त्याला झाकण केलं. प्रत्येक वेळी वर मातीचा थर आणि झाकणावर जांभ्या दगडाचा चिरा. पुढे कधी त्याचं खत झालं तर फक्त शोभेच्या झाडाला घालायचं, खायच्या कशालाच नाही, हे प्राजक्ताने वाचून मला समजावलं होतं. ती माझ्याशी बोलत होती, हेच मोठं. वाळूऐवजी गिरणीवरून लाकडाचा भुसा आणला, कोरा, रंग-वास नसलेला. माफिणीने तो हुंगला, माझ्याकडे बघितलं आणि कपाटावरून उतरून आत बसली. त्या घरात मला तेव्हा माफ करणारी ती एकटीच.

नितीनचा फोन आला की मी मोबाईल छपराकडे फिरवायचो. "बाबा, तुम्ही दिसत का नाही?" तो विचारायचा. मी म्हणायचो, नेट नाही. त्याला कौलांचे नळे दिसत होते, वासे दिसत होते, कोळ्याचं जाळं दिसत होतं. बाप तेवढा दिसत नव्हता. शेवटी प्राजक्तानेच त्याला सगळं सांगितलं. त्याने सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "रिपोर्ट इलो की माका आधी सांगा." शिव्या घातल्या नाहीत. घरात सगळेच असे समजूतदार झाले की माणसाला राहणं कठीण होतं.

पहिला रिपोर्ट आला, काही नाही. कोणी आनंद केला नाही, कारण दुसरा बाकी होता. मी देवाला सांगितलं की बाळाला काही होऊ देऊ नको, मी बडबड सोडतो. देवालाही ते पटलं नसावं.

दुसऱ्या रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरांनी कागद बघितला आणि मान वर केली. "अगदी स्वच्छ," त्या म्हणाल्या. प्राजक्ताने डोळे मिटले. शालनने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मी बाहेर गेलो आणि दाजीच्या रिक्षाच्या मागे उभा राहून रडलो. दाजी म्हणाला, "रड, रड. पण हात धुतलंस मां?"

घरी येताना शालन माझ्या बाजूला बसली. बराच रस्ता गेल्यावर पुढे बघतच म्हणाली, "दोन वाटी आणि वर टोपभर सोलकढी प्यालात. तुमचा रक्त कोणी तपासूक नाय."

सगळ्यांच्या आधी प्राजक्ता हसली. मग दाजी. मग मी. शालन हसली की नाही ते तिने पदराने झाकून घेतलं.

आता एवढ्यावर संपायला हवं होतं. पण मांजरांना रिपोर्टशी काय देणंघेणं? एककान्या आणि मंडळी रोज सकाळी जाळीसमोर येऊन बसायची आणि मला शिव्या घालायची. जागा मिळेना म्हटल्यावर ती शालनच्या नव्या भाजीच्या वाफ्यात उकरायला लागली. मग करतो काय? पिंपाच्या बाजूला चिऱ्यांचा एक चौकोन केला, त्यात सुकटीच्या जागची वाळू टाकली. एका तासात भाजीचा वाफा रिकामा! तेव्हापासून मी सकाळी दोन संडास काढतो, एक घरचा, एक गावचा.

मग बाळ आलं. मुलगी. सगळं जिथल्या तिथे, डोळे तर असे टकमक की माझ्यासारखा माणूस त्यांच्यापुढे खोटं बोलू शकत नाही. प्राजक्ता माहेराहून तिला घेऊन आली तेव्हा मी मांडीवर घेतलं आणि म्हटलं, आजोबाला ओळखलंस? तिने ओळखलं. लगेच. माझी मांडी गरम झाली आणि वास आला.

मी वर बघितलं. प्राजक्ता माझ्याकडे बघत होती, शालन माझ्याकडे बघत होती. मागे वळून बघितलं, भिंतच.

"बाबा, तुम्हालाच अनुभव आहे," प्राजक्ता म्हणाली.

मी उठलो. सवयीने हातमोजे घातले आणि कोपऱ्यातलं खुरपं उचललं.

"ता खुरपा आधी खाली ठेवा," शालन म्हणाली. "आणि लंगोट खंय नेतास ता माका सांगान जावा."

मी लंगोट घेऊन मागच्या दारी गेलो. एककान्या रांगेत पहिला बसला होता. त्याने लंगोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच बाजूला सरकून मला वाट दिली. एवढ्या वर्षांत घरात, शाळेत, रापणीवर माझा हुद्दा काय ते कोणाला नीट कळलं नव्हतं. त्या बोक्याला बरोबर कळला.